मोलाचं दूध

अलेक्झांड्रिया,
४ मार्च १९८३

चि. बहीगा हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईने दोन बदकं माझ्या पायाशी ठेवली होती, त्यांनी दमनहूरपासून अलेक्झांड्रियापर्यंत माझ्या मोज्यांवर राग काढला. तुला अशा वेळी सोडून निघाले याचं वाईट वाटतं. पण तुझ्या भावजींचं तुला माहीतच आहे, कापसाच्या गोदामातून आले की चहासुद्धा हातात द्यावा लागतो. तीन दिवस शेजारणीने दिलेली वालाची उसळ खाऊन राहिले होते आणि उपकार केल्यासारखं तोंड करून बसले होते.

बहीगा, आता जे लिहिते ते एकदा वाच, मग पत्र बाजूला ठेव आणि उद्या पुन्हा वाच. लगेच उत्तर लिहू नकोस.

त्या दिवशी तू माता-बाल केंद्रात दूध आटवायच्या गोळ्या मागायला आत गेलीस तेव्हा मी बाहेर बाकावर होते. तिथे पाळण्यात एक मुलगा होता. भाजीबाजारामागे सापडलेला, महिन्याभराचा असेल. नर्स बाटली तोंडाला लावत होती आणि तो तोंड फिरवत होता. रडत नव्हता. दुपारच्या वेळी कचेरीतला कारकून बघतो तसा कंटाळून माझ्याकडे बघत होता. मला हसू आलं, आणि मग दिवसभर तोच डोळ्यांपुढे राहिला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आता माझ्या पोटी काही येणार नाही हे मी कधीच मान्य केलं आहे. तुझ्या भावजींना विचारलं. ते म्हणाले, तुला हवं असेल तर आण.

अडचण तुला ठाऊक आहे. परका मुलगा घरात वाढवला तरी मिशा फुटल्या की तो परका पुरुषच. आपल्याच घरात डोक्यावर रुमाल बांधून मुलाला जेवायला वाढायचं, हे मला जमायचं नाही. पण त्याच्या पोटात तुझं दूध गेलं तर तो तुझा मुलगा होतो आणि मी त्याची सख्खी मावशी. मशिदीतल्या शेखांना विचारून आले. दोन वर्षांच्या आत, पोटभर, पाच वेळा पाजायचं. एवढंच.

तुझ्या तान्ह्या यासीनला जाऊन महिना नाही झाला आणि मी त्याच्या वाट्याचं दूध तुझ्याकडे मागते आहे. माझी मलाच लाज वाटते. तरी मागते आहे. गोळ्या घेतल्या नसशील तर घेऊ नकोस.

तुझ्या छोट्या नवालला पापा. रागावलीस तरी पत्र पाठव, रागाचं पाठव.

तुझी,
इन्शिराहताई


दमनहूर,
१९ मार्च १९८३

ती. ताईस,
बहीगाचा सलाम. वि. वि.

रागाचं पत्र मागितलंस, तर घे. तुझं पत्र मी स्टोव्हवर धरलं होतं. सासूबाईंनी विचारलं कसला वास येतो, म्हणून विझवलं. एक कोपरा जळला आहे, पण तुझी मागणी शाबूत आहे.

गोळ्या दोनच घेतल्या. पोटात ढवळलं म्हणून सोडल्या. दूध आटलेलं नाही. गल्लीत कुणाचंही बाळ रडलं की माझा झगा पुढून भिजतो. यासीन गेला हे या शरीराला कुणी कळवलेलंच नाही. सकाळ-संध्याकाळ वाटीत पिळते. मोरीत ओतायला लागले तर सासूबाई म्हणाल्या, पायाखाली येईल, पाप लागेल, झाडाच्या मुळाशी घाल. तेव्हापासून अंगणातल्या पेरूला घालते.

आणखी एक गंमत ऐक. मागणारी तू एकटी नाहीस. कालव्याच्या कचेरीतले इंजिनियर आहेत ना, त्यांच्या बायकोला अशक्त मुलगी झाली आहे आणि तिला दूध नाही. त्यांनी मोलकरणीकरवी निरोप पाठवला, वर भरपूर पैसे द्यायला तयार आहेत. सासूबाई पाघळल्या. म्हणाल्या, चांगल्या घरातलं लेकरू आहे, नवालला इंजिनियराची मुलगी दूधबहीण मिळेल, उद्या कुठे अडलं तर ओळख निघेल. तुझ्या मुलाचं मात्र त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावले. ज्याचा बाप माहीत नाही तो माझ्या नातीचा भाऊ कसा, असं म्हणाल्या.

इंजिनियराच्या बायकोला मी नाही म्हटलं. मला त्या मुलीची दया येते, पण यासीनच्या दुधाचे पैसे माझ्या हातात मोजले जाताना मी बघू शकत नाही. बाबा पोस्टात असताना कुणाचं पत्र लिहून दिलं तरी चवली घेत नसत, आणि मी अंगातलं विकू?

द्यायचंच झालं तर तुझ्या मुलाला देईन, आणि फुकट देईन. केंद्रात जाईन, पाच वेळा पाजीन, परत येईन. त्याला घरी आणणार नाही. त्याचं नाव मला सांगू नकोस.

लोभ आहे, पण सध्या वाढवायच्या मनःस्थितीत नाही.

तुझी,
बहीगा


अलेक्झांड्रिया,
२ एप्रिल १९८३

चि. बहीगा हिस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी थोडे जास्त.

जळका कोपरा हातात धरून तू हो म्हणालीस, तुझा स्वभाव बाबांवर गेला आहे. मुलाला आता केंद्रातून तिकडच्या बालकगृहात हलवलं आहे, मी परवाच तिथे येऊन गेले. तुझ्या घरी आले नाही, रागावू नकोस. तुझं तोंड बघितलं असतं तर पुढचं बोलायला जीभ वळली नसती.

तिथल्या अधीक्षिका मॅडम एतिदाल. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. पण कडक आहेत. त्या म्हणाल्या, कुणीही बाई यावी, पाजावं आणि जावं, हे चालणार नाही. मागे तसं होत होतं. मग कोण कुणाचा दूधभाऊ याचा पत्ता राहिला नाही, आणि दूधभावंडांत लग्न चालत नसताना याच पोरांची पुढे आपसात लग्नं लागतात. तेव्हा आता नाव नोंदवलेल्या दूधआईलाच मूल मिळतं. ती त्याला आपल्या घरी नेते, ते दोन वर्षांचं होईपर्यंत पाजते, दर महिन्याला वजनाला आणते आणि पगार घेते. दोन वर्षांचं झालं की मूल बालकगृहात परत, आणि मग तिथून अर्जदाराला, म्हणजे मला. त्याआधी ते कुणालाच देत नाहीत. पगार नको म्हटलं तर नाव नोंदवत नाहीत, कारण मग उद्या ती बाई मुलावर हक्क सांगते.

म्हणजे बहीगा, तुला फुकट द्यायचं असेल तर आधी विकावं लागेल. हे लिहिताना मला कळतंय की हे किती वेडंवाकडं आहे. पण घे तो पगार. नवालच्या शाळेसाठी डब्यात टाक, हात लावू नकोस, पण सही कर. दोन वर्षं म्हणजे पाच वेळा नव्हे, हेही मला कळतं. मी माझा शब्द मोडते आहे. दुसरा रस्ता असता तर सुचवला असता.

नाव सांगू नकोस म्हणालीस, पण तुला ते फॉर्मवर दिसेलच. शुक्री.

तुझ्याकडे कधीच हक्काने काही मागितलं नव्हतं, ते सगळं एकदम मागणारी,
तुझी ताई


दमनहूर,
२८ मे १९८३

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

सही केली. मुलगा घरी आहे.

पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसले, त्याच्याकडे बघितलं नाही. यासीन हळू प्यायचा, मध्येच झोपायचा. हा तसा नाही. हा कुणीतरी हिसकावून घेईल अशा घाईने पितो, ठसका लागतो तरी सोडत नाही. मला रडू आलं ते दुखण्याने की कशाने, ते विचारू नकोस. तुझी पाच पाजणी केव्हाच झाली. तू त्याची मावशी झालीस, मुबारक. तो दोन वर्षांचा होईपर्यंत आता मी सरकारच्या नोकरीत आहे.

सासूबाईंनी दोन दिवस जेवण टाकलं. मग स्वतःच मेथी उकळून आणली आणि पातेलं माझ्यासमोर आपटून म्हणाल्या, इंजिनियराचा पैसा तुला कडू लागला आणि सरकारचा गोड लागतो होय? तरी मेथीत गूळ जास्त घातला होता. गल्लीतल्या बायका आता मला मोलाची आई म्हणतात. माझ्यामागे म्हणतात, पण मला ऐकू येईल एवढ्या अंतरावरून.

नवालच्या बाबांना इराकला कळवलं. त्यांचं उत्तर काल आलं. लिहितात, दूध बायकोच्या अंगात असलं तरी ते नवऱ्यामुळे येतं, शेख म्हणतात तो माझाही मुलगा झाला. मी इथे बसऱ्यात विटा रचतोय, वर तोफांचे आवाज ऐकतोय, आणि घरी मला न विचारता मुलगा झाला, तोही पगारी. दोन पानं अशीच आहेत. शेवटी समासात आडवं लिहिलं आहे की त्याची छाती यासीनसारखी घरघरत तर नाही ना, घरघरली तर थांबू नकोस, रात्र असली तरी डॉक्टरकडे ने.

घरघरत नाही. हे तुलाही सांगते, कारण तूही विचारणार.

तुझी,
बहीगा


अलेक्झांड्रिया,
१० ऑक्टोबर १९८३

चि. बहीगा हिस,
अनेक आशीर्वाद, शुक्रीला मावशीचे दोन जास्त.

लोकरीचा स्वेटर पाठवला आहे. एक बाही लांब झाली आहे, ती मुद्दाम नाही, टीव्ही बघत विणला. मागच्या खोलीला निळा रंग दिला. पलंग घेतला. वरच्या मजल्यावरची माडाम मारी म्हणते, दोन वर्षांनी येणाऱ्या मुलासाठी आत्ताच पलंग घेणारी बाई मी पहिली बघितली. मी म्हटलं, एकोणीस वर्षं थांबले त्यात दोन काय जड आहेत.

तुझे भावजी हल्ली फार कामात असतात. महल्ला शहरातल्या गिरणीला माल लावायचा असतो म्हणून महिन्यातून दोनदा तिकडे मुक्काम पडतो. तब्येतीला जपायला लागले आहेत. नवे बूट घेतले, मिशीला कलप लावायला लागले. मी चिडवलं, बाप व्हायच्या आधीच तरुण व्हायचं ठरवलंत वाटतं. ते हसले नाहीत, पण त्यांना हसायला कधी जमलं आहे?

तुझी पत्रं फार आखूड झाली. वजन एवढं, दात दोन, असं लिहितेस. मी बालकगृहाची बाई आहे का? तो झोपेत कसा दिसतो ते लिही.

तुझी,
ताई


दमनहूर,
६ जून १९८४

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

झोपेत कसा दिसतो ते मी मुद्दाम लिहीत नव्हते. लिहिलं की ते माझं होतं. पण आता लपवून काय करू. पालथा झोपतो, बूड वर करून, एक हात माझ्या झग्याच्या गळ्यात. हात काढला की डोळे न उघडता ओरडतो. मुलुखियाची पातळ पालेभाजी आवडते, भात तीत बुडवून दोन्ही हातांनी खातो आणि मग तेच हात सासूबाईंच्या पांढऱ्या रुमालाला पुसतो. त्या शिव्या देतात आणि दुसऱ्या दिवशी रुमाल घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसतात. बाजारात कुणी विचारलं तर नातू म्हणून सांगतात. मी ऐकलं आहे, त्यांना माहीत नाही.

मला आई म्हणतो, ताई. मी शिकवलं नव्हतं. नवालचं ऐकून म्हणायला लागला.

वेळ आली की मी त्याला तुला देईन. तो तुझ्याकडे येणार आहे, म्हणजे घरातच राहणार आहे, ईदला दिसेल, सुट्टीत येईल, हे मी स्वतःला रोज सांगते आणि ते मला बऱ्यापैकी पटतंही. फक्त त्या दिवशी मला शहाणपण शिकवू नकोस, एवढी विनंती आहे.

आता एक विचारायचं आहे आणि ते तू टाळू नकोस. या महिन्यात वजनाला गेले तेव्हा मॅडम एतिदाल म्हणाल्या की तुझ्या अर्जावर अजून एकाच माणसाची सही आहे. नवराबायको दोघांनी समोर येऊन सह्या केल्याशिवाय मूल मिळत नाही. भावजींची सही वर्षभर राहिली कशी? महल्ला काही चंद्रावर नाही. नवालच्या बाबांनी तर लिहिलं आहे की ताईच्या घरी काही अडलं असेल तर मुलगा आपणच ठेवू. माझ्या मनात नसलेली गोष्ट त्यांनी लिहिली असं मी म्हणणार नाही.

खरं काय ते लिही.

तुझी,
बहीगा


अलेक्झांड्रिया,
१४ जानेवारी १९८५

चि. बहीगा हिस,
आशीर्वाद.

सहा महिने तुला स्वेटर, गोड बिस्किटं आणि थापा पाठवल्या. आता दिवस जवळ आला, आता थापा पुरणार नाहीत.

तुझ्या भावजींनी महल्ल्यात दुसरं लग्न केलं आहे. गिरणीतल्या फोरमनची मुलगी. मला गेल्या उन्हाळ्यात कळलं, तुझं पत्र आलं त्याच्या आधी. मी गप्प राहिले, कारण मला वाटलं, गप्प राहिले तर निदान सही करतील. मी त्यांना म्हटलंही, तुम्ही तिकडे राहा, मी तोंडातून शब्द काढणार नाही, फक्त एक दिवस दमनहूरला चला. ते येतो म्हणाले, मग पुढच्या महिन्यात म्हणाले, मग हिवाळ्यात. परवा सांगितलं की तिला दिवस गेले आहेत. आता स्वतःचं येत असताना बाजारामागचं कशाला पोसू, असं म्हणाले. आवाज चढवला नाही. चहा मागितला.

आणि मी करून दिला, बहीगा. हे तुला सांगायला हवं असं वाटलं.

वकिलाकडे गेले. सोडचिठ्ठी घेतलेल्या एकट्या बाईला ते मूल देत नाहीत, आणि सही न करणाऱ्या नवऱ्याच्या बायकोलाही देत नाहीत. मी तुझ्या दुःखावर माझं घर बांधायला निघाले होते. तुझ्याकडून दोन वर्षं घेतली आणि शेवटी हात वर केले. मला माफ कर असंही लिहिवत नाही.

तू ठेव त्याला. तू अर्ज कर. माझ्याकडे आहे नाही ते विकून तुला देते, पण त्याला परत जाऊ देऊ नकोस.

तुझी,
इन्शिराह


दमनहूर,
२ एप्रिल १९८५

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

माफी मागू नकोस. मागितलीस तर मला ती द्यावी की नाही याचा विचार करावा लागेल, आणि तेवढं बळ नाही.

मी अर्ज केला होता. तुझं पत्र आलं त्याच दिवशी सासूबाई स्वतः माझ्याबरोबर आल्या, काठी टेकत. मॅडम एतिदाल चांगल्या वागल्या. त्यांनी चहा मागवला. पण म्हणाल्या, जिने मुलासाठी पगार घेतला ती त्याच मुलासाठी अर्ज करू शकत नाही, नाहीतर प्रत्येक दूधआई हेच करील. शिवाय नवरा देशात हवा. नवालच्या बाबांचा पासपोर्ट ठेकेदाराकडे अडकून पडला आहे, हे मी सांगितलं. ते त्यांना खरं वाटलं, पण उपयोगाचं वाटलं नाही. मी म्हटलं, पगार सगळा डब्यात आहे, परत घ्या, एक पै खर्चलेली नाही. त्या म्हणाल्या, बाई, दूध तर तो पिऊन गेला, आता पैसे परत घेऊन मी काय करू. सरकारने विकत घेतलं, तुम्ही विकलंत, व्यवहार संपला. सासूबाईंनी विचारलं, मग तो हिचा कोण? तर म्हणाल्या, देवाच्या दरबारात मुलगा, इथे कुणी नाही.

दूध तोडून आणा म्हणून सांगितलं होतं. मी कोरफडीचा गर लावला. त्याने तोंड लावलं, थुंकला, आणि माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं मला काहीतरी लागलंय. तो फुंकर घालायला लागला. नवाल पडली की मी घालते तशी, गाल फुगवून. मग मी पुसून टाकलं आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाजत राहिले. तोडून आणला असं तिथे खोटं सांगितलं.

नेलं तेव्हा त्याला जत्रेला जातोय असं वाटलं. फाटकाशी आयाबाईने त्याला घेतलं, तोवर तो हसत होता. पुढचं लिहीत नाही. सासूबाई त्या दिवसापासून रुमाल धुवायला देत नाहीत.

आता खरी बातमी. बालकगृहात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. तुला नाही, मला नाही, दूधनात्याने तर नाहीच. आत जातात त्या फक्त नावनोंदणीवाल्या दूधआया, महिन्याच्या पगाराला आणि वजनाला. म्हणून मी पुन्हा नाव घातलं. माझं दूध अजून होतंच. एक मुलगी दिली आहे, फार लहान, केस तांबूस. नाव राविया. सासूबाईंनी या वेळी जेवण टाकलं नाही, मेथी उकळत ठेवली. मी हिच्यावर जीव लावणार नाही असं ठरवलं आहे, आणि हे मागेही ठरवलं होतं हे मला आठवतं. पण तिला पाजताना एक गोष्ट बरी वाटते. शुक्रीला या जगात रक्ताचं कुणी नाही. आता त्याला एक बहीण झाली, आणि दूध तुटलं की ती तिथेच, त्याच भिंतीच्या आत वाढणार आहे. मी मॅडमना म्हटलं, हे कुठेतरी लिहून ठेवा. त्या म्हणाल्या, दूधआईचं नाव लिहितो, भावंडं लिहायची सोय नाही. तेव्हा ते दोघांना सांगायचं काम माझं.

काल पहिलं वजन होतं. अंगणात मुलं बसली होती. त्याचे केस अगदी बारीक कापले आहेत, मी आधी ओळखलाच नाही. मी मुलीला घेऊन त्याच्यासमोर बसले. म्हटलं, शुक्री, ही तुझी बहीण. तो आयाबाईच्या झग्यामागे गेला आणि तिथून बघत राहिला. माझ्याकडे नाही, मुलीकडे. घंटा झाली, त्यांना आत नेलं. मी खिडकीपाशी गेले, सही केली आणि पगार घेतला. पुढच्या महिन्यात पुन्हा आत जायचं तर तो घ्यावा लागतो.

तू ये, ताई. मेच्या एक तारखेला ये. तुला आत सोडणार नाहीत, फाटकाबाहेर पिंपळासारखं एक मोठं झाड आहे, तिथे सावलीत उभी राहा. मी आत जाऊन येईन, आणि तो कसा दिसतो ते बाहेर येऊन तुला सांगीन.

तुझी,
बहीगा